इंग्रजीतली जर-तरची वाक्यं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. ऐरोली, रबाळे, महापेच्या कंपन्यांतून सुटून थेट वर्गात येणारी मंडळी असतात, बारावीची मुलं असतात, परदेशी शिक्षणासाठी आयईएल्ट्सची तयारी करणारेही असतात. 'इफ' आलं की सगळे एकाच जागी अडतात. पुन:पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने म्हणा. या विषयात नियम डोक्यात राहण्याआधी वाक्याची चाल कानात बसावी लागते.

जर-तरच्या वाक्यात आपण इतके का अडतो?

कारण मराठीत ही वाक्यं आपल्याला उत्तम येतात आणि आपण तीच चाल इंग्रजीत नेतो. व्याकरणाच्या तासाला आपण सगळे संकेतार्थ शिकलो: 'पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं.' हे वाक्य मनात पक्कं बसलेलं आहे. पण मराठीतलं हे 'असता' किती काम करतं ते पाहा.

'मला वेळ असता तर मी आलो असतो.' मित्राचा आत्ता फोन आला, गडकरी रंगायतनला नाटकाला चल म्हणतोय, तरी हेच वाक्य. गेल्या महिन्यात कुणाचं लग्न चुकलं, तरीही हेच वाक्य. आत्ताची गोष्ट की होऊन गेलेली, हे मराठी बाकीच्या बोलण्यावरून समजून घेते. इंग्रजी तसं समजून घेत नाही. मित्राला म्हणायचं, 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.' चुकलेल्या लग्नाबद्दल म्हणायचं, 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.' दोन वेगळी वाक्यं, चारही क्रियापदं वेगळी.

म्हणून 'इफ' तोंडातून काढण्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. हे खरंच घडू शकतं, की मी नुसती कल्पना करतोय? आणि ही गोष्ट आत्ताची किंवा पुढची आहे, की होऊन गेली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मराठीही मागते. दुसऱ्याची तिने आपल्याला सवय लावलेली नाही. आपल्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

शाळेत झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चार प्रकार पाठ करून घेतले होते. तेच पुन्हा पाठ करू का?

परीक्षेत प्रकार ओळखायला सांगितला तर ती नावं लागतात. बोलताना मात्र कुणीही मनात 'आता सेकंड लावू' असं म्हणत नाही, आणि म्हणायला गेलं की बोलणं अडखळतं. माझं मत स्पष्ट आहे: आकडे मागाहून, अर्थ आधी.

तरी एकदा ओळीने सांगते. नेहमी घडणारी गोष्ट असेल तर दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. पुढे खरोखर घडू शकणारी असेल तर 'इफ'च्या भागात साधा वर्तमानकाळ आणि दुसऱ्या भागात 'विल'. आत्ताची किंवा पुढची नुसती कल्पना असेल तर 'इफ'कडे साधा भूतकाळ, दुसरीकडे 'वुड' आणि मूळ क्रियापद. होऊन गेलेल्या गोष्टीची कल्पना असेल तर 'इफ'कडे 'हॅड' आणि तिसरं रूप, दुसरीकडे 'वुड हॅव' आणि तिसरं रूप.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची. कल्पना आली की इंग्रजी काळाला एक पायरी मागे ढकलते. वर्तमानाची कल्पना भूतकाळी रूपात जाते, भूतकाळाची कल्पना त्याच्याही मागे, 'हॅड'मध्ये. 'इफ आय हॅड अ कार' यातलं 'हॅड' काळ दाखवत नाही. गाडी आज नाही, एवढंच ते सांगतं.

मराठीत 'पाऊस पडला तर लोकल उशिरा येईल' म्हणतो. 'पडला' भूतकाळ दिसतो. मग इंग्रजीत 'इफ इट रेन्ड' का नाही?

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि पुस्तकांत याचं उत्तर सहसा मिळत नाही, कारण पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात.

'पडला तर' मधला 'पडला' दिसतो भूतकाळासारखा, पण तो काल पडलेल्या पावसाबद्दल बोलत नाही. आधी पडणं पुरं होईल, मग लोकलला उशीर होईल, असा क्रम तो दाखवतो. 'तू आलास की निघू' मधला 'आलास' तसाच. हा क्रम दाखवायला इंग्रजी साधा वर्तमानकाळ घेते: 'इफ इट रेन्स, द लोकल विल बी लेट.'

'इफ इट रेन्ड, द लोकल विल बी लेट' असं म्हणाल तर दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत. पहिला भाग म्हणतो, 'समजा हं, नुसती कल्पना.' दुसरा म्हणतो, 'नक्की उशीर होणार.' ऐकणारा गोंधळतो. 'इफ इट रेन्ड' म्हणायचंच असेल तर पुढे 'द लोकल वुड बी लेट' हवं, आणि मग ते मे महिन्याच्या कडक उन्हात केलेल्या कल्पनेसारखं वाटतं. जुलैत मुंब्र्याच्या बाजूला आभाळ काळं झालेलं असताना तसं कुणी म्हणणार नाही.

मग पुढची गोष्ट आहे म्हणून 'इफ इट विल रेन' म्हटलं तर?

नाही. आणि इथे मराठी तुमच्या बाजूने आहे. 'पाऊस पडेल तर लोकल उशिरा येईल' हे कानाला खटकतं ना? आपणही अटीच्या भागात भविष्यकाळ घालत नाही. दुसऱ्या भागातलं 'येईल' पुढचं सगळं सांगून टाकतं. इंग्रजीतही 'विल' एकदाच, परिणामाच्या भागात.

हाच नियम 'व्हेन', 'बिफोर', 'आफ्टर', 'अनटिल', 'ॲज सून ॲज' यांनाही लागतो. 'आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच वाशी' हे वाक्य मी रोज कुणाच्या तरी फोनवर ऐकते. हवं ते असं: 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच वाशी.'

जाता जाता 'इफ' आणि 'व्हेन'मधला फरकही पाहून घ्या. 'व्हेन आय रीच वाशी' म्हणजे पोहोचणार हे नक्की. 'इफ आय रीच वाशी बाय नाइन' म्हणजे नऊपर्यंत पोहोचेन की नाही ते सांगता येत नाही.

पण 'इफ'नंतर 'विल' मी ऐकलं आहे, वाचलंही आहे. ते सगळे चुकतात का?

नाही, सगळे चुकत नाहीत. तीन ठिकाणी 'विल' किंवा त्याच्यासारखं रूप चालतं.

पहिली जागा म्हणजे जिथे तो 'इफ' अटीचा नसतोच. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम.' याचं मराठी करा: 'तो येईल की नाही, मला माहीत नाही.' मराठीत 'तर' आला नाही, 'की नाही' आला. म्हणजे ही अट नव्हे, प्रश्न आहे, आणि इथे 'विल' अगदी बरोबर. ही कसोटी मी सगळ्यांना देते, कारण ती परीक्षेच्या घाईतही वापरता येते: 'तर' येत असेल तर 'विल' काढा, 'का' किंवा 'की नाही' येत असेल तर राहू द्या.

दुसरी जागा विनंतीची किंवा तयारीची. 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द डॉक्टर.' इथे 'विल' म्हणजे 'थांबायची तयारी असेल तर, कृपा करून थांबलात तर'. स्वागतकक्षातली माणसं असं बोलतात.

तिसरी जागा 'गोइंग टू'ची. 'पाऊस पडणार असेल तर छत्री घे' हे आपण म्हणतोच. 'इफ इट इज गोइंग टू रेन, टेक ॲन अम्ब्रेला.' मराठीत 'पडला तर' बसतं की 'पडणार असेल तर', ते पाहिलं की इंग्रजी रूप सापडतं.

लिफ्ट, मशीन, औषध यांच्याबद्दल बोलताना 'विल' लावायचं का?

गरज नाही. नेहमीच तसं होत असेल तर दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ: 'इफ यू प्रेस धिस बटन, द लिफ्ट स्टॉप्स.' आज, या वेळी काय होईल ते सांगायचं असेल तर 'विल' घ्या. बोलताना दोन्ही चालून जातं.

'इफ आय वॉज' की 'इफ आय वेअर'?

कल्पना असेल तर 'वेअर'. 'इफ आय वेअर यू, आय वुड नॉट साइन धिस.' 'मी तुझ्या जागी असतो तर' याला हे वाक्य असंच्या असं पाठ ठेवा. 'इफ आय वॉज यू' लेखी इंग्रजीत टाळाच. बाकी वाक्यांत बोलताना इंग्रज मंडळी 'इफ ही वॉज' सर्रास म्हणतात. परीक्षेत, अर्जात, कार्यालयीन पत्रात 'वेअर' लिहिलं की कुणी बोट ठेवणार नाही.

मुलाखतीत 'इफ आय गेट धिस जॉब' म्हणू की 'इफ आय गॉट'?

स्वतःच्या निवडीबद्दल बोलताना 'गेट' आणि 'विल'. 'इफ आय गेट धिस जॉब, आय विल शिफ्ट टू ऐरोली.' यात विश्वास आहे. 'इफ आय गॉट धिस जॉब, आय वुड शिफ्ट' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला स्वतःलाच नोकरी मिळेल असं वाटत नाही. दोन्ही वाक्यं व्याकरणात बरोबर आहेत, पण मुलाखतीच्या खोलीत त्यांचा परिणाम वेगळा होतो.

आता उलट बाजू. मुलाखत घेणारा विचारतो, 'व्हॉट वुड यू डू इफ अ कस्टमर शाउटेड ॲट यू?' त्याने कल्पना मांडली आहे. प्रश्नात 'वुड' आला तर उत्तरातही 'वुड'च हवा: 'आय वुड लिसन फर्स्ट. देन आय वुड आस्क फॉर द ऑर्डर नंबर.' बरीच हुशार मुलं इथे 'आय विल लिसन' म्हणतात, किंवा त्याहून वाईट, 'आय लिसन्ड' म्हणतात, म्हणजे घडलेला प्रसंगच सांगू लागतात. उत्तराची पहिली दोन पदं प्रश्नातूनच उचलायची, हा सराव घरी आरशासमोर उभं राहून करता येतो. दहा प्रश्न लिहून काढा, सगळे 'व्हॉट वुड यू डू इफ'ने सुरू होणारे, आणि प्रत्येक उत्तर 'आय वुड'ने सुरू करा.

'इफ आय वुड हॅव लेफ्ट अर्ली' यात काय चुकलं? मला तर बरोबर वाटतं.

बरोबर वाटतं, कारण मराठीत ते बरोबर आहे. 'मी लवकर निघालो असतो तर मला फास्ट लोकल मिळाली असती.' 'असतो' इकडे, 'असती' तिकडे. दोन्ही भागांना सारखीच शेपटी. म्हणून आपण इंग्रजीतही 'वुड हॅव' दोन्हीकडे जोडतो. मराठी माणसाची या विषयातली सर्वांत पक्की चूक हीच, आणि ती इंग्रजी चांगलं येणाऱ्यांकडूनही होते.

इंग्रजीत दोन्ही भागांना वेगळी रूपं लागतात. वहीत आलेलं एक वाक्य दुरुस्त करून दाखवते:

'इफ आय वुड हॅव लेफ्ट अर्ली, आय वुड हॅव कॉट द फास्ट लोकल.'

आधी 'इफ' शोधा. त्याच्या लगेच पुढे, स्वल्पविरामापर्यंत, 'वुड' दिसतो का? दिसला की 'वुड हॅव' ही दोन्ही पदं खोडा आणि त्या जागी एकच 'हॅड' लिहा. 'लेफ्ट' तिसरं रूप आहे, ते तसंच ठेवा. 'अर्ली'चं 'अर्लिअर' केलं तर जास्त चांगलं, कारण नेहमीपेक्षा लवकर असं म्हणायचं आहे. दुसऱ्या भागाला हात लावू नका.

'इफ आय हॅड लेफ्ट अर्लिअर, आय वुड हॅव कॉट द फास्ट लोकल.'

अमेरिकी मालिकांमध्ये 'इफ आय वुड हॅव नोन' ऐकू येतं. तिकडच्या बोलण्यात ते आहे, हे खरं. पण लेखी इंग्रजीत आणि कोणत्याही परीक्षेत ते चुकीचंच धरलं जातं, म्हणून शिकताना त्या वाटेला जाऊ नका.

हे रूप वापरायला ठाण्याचा इतिहास हाताशी आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी रेल्वे निघाली ती ठाण्याला आली. 'इफ द रेल्वे हॅड नॉट रीच्ड ठाणे इन 1853, द टाउन वुड हॅव ग्रोन मोअर स्लोली.' अशी पाच-सहा वाक्यं आपल्या गावाबद्दल, आपल्या घराबद्दल लिहा.

'हॅड हॅड' असं दोनदा कसं येईल? छपाईची चूक वाटते.

चूक नाही. पहिला 'हॅड' मदतनीस, दुसरा 'हॅव'चं तिसरं रूप. 'इफ वुई हॅड हॅड अ मॅप, वुई वुड नॉट हॅव लॉस्ट द वे.' बोलताना पहिला 'हॅड' आखडतो आणि 'इफ वुई'ड हॅड' असा ऐकू येतो.

अट जुनी आणि परिणाम आजचा असेल तर?

तर दोन भाग दोन वेगळ्या खणांतून घ्या. याला मिश्र प्रकार म्हणतात. याची धास्ती फार घेतली जाते, पण सुरुवातीचे दोन प्रश्न प्रत्येक भागाला वेगळे विचारले की तो आपोआप जुळतो.

ठाणे ते वाशी थेट लोकल, म्हणजे ट्रान्स हार्बर मार्ग, 2004 मध्ये सुरू झाला. त्याआधी रेल्वेने वाशीला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलून वळसा घालावा लागायचा. आता वाक्य करा: 'तो मार्ग झाला नसता तर मी अजून कुर्ल्याला गाडी बदलत असते.' पहिला भाग 2004 सालचा, होऊन गेलेला, म्हणून 'हॅड'. दुसरा भाग आजचा, म्हणून नुसतं 'वुड'. 'इफ दॅट लाइन हॅड नॉट ओपन्ड इन 2004, आय वुड स्टिल बी चेंजिंग ट्रेन्स ॲट कुर्ला.'

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. 'इफ सिडको हॅड नॉट बीन फॉर्म्ड इन 1970, नेरुळ वुड लुक व्हेरी डिफरंट टुडे.' वाक्यात 'टुडे', 'नाऊ' किंवा 'स्टिल' आला की दुसऱ्या भागात 'वुड हॅव' लिहिताना हात थांबला पाहिजे.

उलटा प्रकारही होतो. स्वभाव कायमचा, परिणाम जुना: 'इफ ही वेअर केअरफुल, ही वुड नॉट हॅव लॉस्ट द फाइल.' तो आजही निष्काळजी आहे, फाइल मात्र मागेच हरवली.

नेहमी 'वुड'च का? 'कुड' आणि 'माइट' चालत नाहीत का?

चालतात, आणि वापरायलाच हवेत. 'केलं असतं' म्हणजे 'वुड हॅव डन'. 'करता आलं असतं' म्हणजे 'कुड हॅव डन'. 'कदाचित केलं असतं' म्हणजे 'माइट हॅव डन'. मराठीत हे तीन वेगळे आहेतच, त्यामुळे इथे फारसं कुणी चुकत नाही.

काल खरंच घडलेल्या गोष्टीबद्दल 'इफ' वापरला तर?

तर काळ मागे ढकलायचा नाही. 'काल तो ऑफिसात असेल, तर त्याने नोटीस पाहिली असणारच.' ही कल्पना नव्हे, अंदाज आहे. 'इफ ही वॉज इन द ऑफिस येस्टर्डे, ही मस्ट हॅव सीन द नोटीस.' भूतकाळ दिसला म्हणून घाईने 'वुड' लावू नका. मराठीत 'असेल तर' की 'असता तर', हे पाहा. 'असेल' असेल तर शक्यता उघडी आहे, 'असता' असेल तर दार बंद झालेलं आहे.

'अनलेस'चं काय करायचं? बारावीला 'डू ॲज डिरेक्टेड'मध्ये नेहमी चुकतं.

चूक एकच असते: 'अनलेस'सोबत 'नॉट' येतो. 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच आहे. 'इफ यू डू नॉट हरी, यू विल मिस द ट्रेन' याचं रूपांतर करताना 'इफ' आणि 'डू नॉट' दोन्ही जातात: 'अनलेस यू हरी, यू विल मिस द ट्रेन.'

ही चूक येते कुठून? आपण मनात 'जोपर्यंत तुम्ही फॉर्म भरत नाही तोपर्यंत' असं म्हणतो. त्यातला 'नाही' इंग्रजीत उतरतो आणि होतं, 'अनलेस यू डोन्ट फिल द फॉर्म'. त्याऐवजी मनात 'फॉर्म भरल्याशिवाय' म्हणा. 'फॉर्म भरल्याशिवाय पास देणार नाहीत.' 'अनलेस यू फिल इन द फॉर्म, दे विल नॉट गिव्ह यू द पास.' दोन्ही भाषांची जोडी बरोबर बसते. दुसरा भाग नकारी असतो तेव्हा ही युक्ती हमखास चालते. दुसरा भाग होकारी असेल, वरच्या गाडी चुकण्याच्या वाक्यासारखा, तर 'घाई केली नाहीस तर' असं मनात म्हणा आणि 'नाहीस तर' या सगळ्याला मिळून एक 'अनलेस' घ्या.

'अनटिल'लाही हेच दुखणं आहे. 'मी येत नाही तोपर्यंत थांब' याचं 'वेट अनटिल आय डोन्ट कम' होतं. म्हणायचं, 'वेट अनटिल आय कम.' मराठीत 'मी येईपर्यंत थांब' म्हणून पाहा, 'नाही' आपोआप गळेल.

'इफ' आणि 'इन केस' एकच ना?

एक नव्हेत. 'टेक ॲन अम्ब्रेला इफ इट रेन्स' म्हणजे पाऊस आला तरच छत्री घे. 'टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स' म्हणजे पाऊस आलाच तर हाताशी असावी म्हणून आत्ताच घेऊन ठेव. जूनमध्ये आई दारात उभी राहून सांगते ते दुसरं वाक्य.

'इन केस ऑफ' मात्र निराळं. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत लिफ्टशेजारी लिहिलेलं असतं, 'इन केस ऑफ फायर, डू नॉट यूज द लिफ्ट.' तिथे अर्थ सरळ 'आग लागल्यास' असा आहे.

'तर'साठी 'देन' लिहायचं का? आणि स्वल्पविराम?

बोलताना आपण 'जर' गाळतो आणि 'तर' ठेवतो: 'आलास तर भेटू.' इंग्रजी उलटं करते, 'इफ' ठेवते आणि 'देन' गाळते. 'देन' चूक नाही, पण प्रत्येक वाक्यात आला की लिखाण जड होतं. 'इफ'चा भाग आधी असेल तर मध्ये स्वल्पविराम द्या. नंतर असेल तर नको.

ऑफिसच्या मेलमध्ये 'शुड यू नीड' असं येतं. तो प्रश्न असतो का?

नाही. तिथे 'इफ' गाळून क्रियापद पुढे आणलेलं असतं. 'शुड यू नीड एनी हेल्प' म्हणजे 'इफ यू नीड एनी हेल्प', 'काही मदत लागल्यास'. तसंच 'हॅड आय नोन' म्हणजे 'इफ आय हॅड नोन'. आणि 'वेअर आय टू रिझाइन' म्हणजे 'समजा मी राजीनामा दिला तर'. मराठी शासकीय पत्रातलं 'आल्यास, केल्यास, असल्यास' जसं औपचारिक वाटतं, तसाच यांचा सूर आहे. ओळखता आलंच पाहिजे. स्वतः वापरायचं तर 'शुड यू' पुरेसं आहे. मित्राला पाठवलेल्या निरोपात नको.

'आय'ड' ऐकू आलं की तो 'हॅड' की 'वुड', कसं ओळखू?

पुढचं क्रियापद पाहा. तिसरं रूप असेल तर 'हॅड', मूळ रूप किंवा 'हॅव' असेल तर 'वुड'. 'इफ आय'ड नोन, आय'ड हॅव टोल्ड यू.' पहिला 'हॅड', दुसरा 'वुड'. बोलताना 'वुड हॅव' घाईत 'वुड ऑफ'सारखा ऐकू येतो, म्हणून काही जण तसंच लिहितात. लिहिताना 'हॅव'च.

'आय विश'नंतर कोणतं रूप?

तीच एक पायरी मागे. 'मला तमिळ येत असतं तर किती बरं झालं असतं' म्हणजे 'आय विश आय न्यू तमिळ.' कालच्या गोष्टीची चुटपुट असेल तर 'हॅड': 'आय विश आय हॅड कॉल्ड हर.' ज्याला कल्पनेची वाक्यं जमली त्याला हे वेगळं शिकावं लागत नाही.

आयईएल्ट्समध्ये अशी वाक्यं घातली तर गुण वाढतात का?

लेखनाच्या मूल्यमापनात चार निकष असतात आणि चौघांना सारखं वजन असतं. त्यातला एक व्याकरणाची विविधता आणि अचूकता पाहतो. तेव्हा एखादं चांगलं जर-तर वाक्य नक्की कामाला येतं, पण ते मुद्द्यातून आलेलं हवं. वाहतुकीवरचा निबंध असेल तर 'इफ मोअर ऑफिसेस मूव्ह्ड टू नवी मुंबई, फ्युअर पीपल वुड ट्रॅव्हल टू साउथ मुंबई एव्हरी मॉर्निंग' हे वाक्य युक्तिवाद पुढे नेतं. उगाच पेरलेलं 'हॅड आय बीन' परीक्षकाला लगेच कळतं. मला विचाराल तर अर्थाला धरून आलेली दोन अचूक वाक्यं सहा अवघड वाक्यांपेक्षा मोलाची.

वेळ मिळत नाही. सराव कसा करू?

तुम्ही ऐरोली-ठाणे किंवा वाशी-ठाणे रोज करत असाल तर तेवढा वेळ पुरतो. दिवसातली एकच घटना घ्या आणि तिची तीन वाक्यं करा. उद्या काय होऊ शकतं, आत्ता वेगळं असतं तर, आणि सकाळी वेगळं झालं असतं तर. उदाहरणार्थ डबा: 'इफ आय कुक टुनाइट, आय विल टेक अ टिफिन टुमॉरो.' 'इफ आय हॅड अ टिफिन नाऊ, आय वुड शेअर इट.' 'इफ आय हॅड कुक्ड लास्ट नाइट, आय वुड नॉट हॅव बॉट वडापाव.' एकाच गोष्टीवर तीन वाक्यं ठेवली की रूपातला फरक डोळ्यांपुढे येतो. वेगवेगळ्या विषयांवरची तीस वाक्यं गाळलेल्या जागांत भरून तो दिसत नाही.

तिसऱ्या रूपांची यादी कच्ची असेल तर ती आधी. 'हॅड वेंट', 'हॅड केम' लिहिणाऱ्याला अडचण जर-तरची नाही, रूपांची आहे.

मुलगा पाचवीत आहे, मराठी माध्यमात. त्याला घरी कुठून सुरुवात करून देऊ?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे पाचवीपर्यंत 'इफ' त्याच्या कानावर गेलेला असतो. व्याकरणाची नावं अजिबात काढू नका. आधी फक्त खऱ्या अटी, त्याच्या रोजच्या सौद्यांच्या: 'इफ यू फिनिश युअर होमवर्क, आय विल टेक यू टू तलावपाळी.' हे वाक्य तो स्वतः आजीला, बहिणीला बोलू लागला की मग कल्पनेचा खेळ सुरू करा: 'व्हॉट वुड यू डू इफ यू सॉ अ लेपर्ड इन येऊर?' मुलं या प्रश्नावर भरभरून बोलतात. बोलू द्या. उत्तर 'आय विल रन' असं आलं तर मध्येच थांबवू नका. त्याचं झालं की तुम्ही म्हणा, 'आय वुड रन टू, अँड आय वुड होल्ड युअर हँड,' आणि पुढचा प्रश्न त्याला विचारू द्या.